व्हिस्कीजॅकच्या किल्ल्या कोणाकडे जाव्यात याविषयी

मी, सायमी कोस्केला, कै. आर्व्हो कोस्केला यांची पत्नी, राहणार थंडर बे, ऑन्टारिओ, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने करते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत असं ओगिल्वी वकिलांनी सांगितलं आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळं आर्व्होच्या नावे केलं होतं, आणि माझ्याआधी निघून जाऊन त्यानेच ते निकामी केलं.

ओगिल्वींनी सहीसाठी शुक्रवार नेमला होता. तो मी बदलून मंगळवार करून घेतला. आमच्या प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामात शुक्रवारी नवीन काही बाहेर सोडत नाहीत. बिघडलं तर निस्तरायला शनिवार-रविवार कोणी जागेवर नसतं. ओगिल्वी म्हणाले, "सायमीबाई, मृत्युपत्र काही सही केल्या केल्या चालू होत नाही हो." मी म्हटलं, "तेच तर. ते चालू होईल तेव्हा दुरुस्तीला मी नसेन. मग जास्तच जपायला नको का?"

कलम १. माझा भाचा रेनो लायटिनेन याला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमते. घर, घरामागची जागा, जुनी गाडी आणि बँकेत जे असेल ते त्याचं. छताची उत्तरेकडची बाजू गळते, हे त्याला ठाऊक आहे. तो दर वर्षी "बघतो आत्या" म्हणतो. आता स्वतःच्या डोक्यावर गळलं की बघेल.

कलम २. मागच्या अंगणातली सौना, म्हणजे वाफेने शेकायची लाकडी खोली, रेनोचीच, पण शेजारच्या इर्मा साल्मीला ती जिवंत असेतो दर शनिवारी तिथे शेक घेण्याचा हक्क राहील. लाकडं रेनोने फोडून द्यायची. इर्माने सौनेत बसून माझ्याबद्दल वाईट बोलू नये. चांगलं बोलायचं असेल तर कितीही वेळ बसावं.

कलम ३. आर्व्होची हत्यारं. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची इंजिनं त्याने आयुष्यभर या पान्यांनी खोलली आणि बसवली. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवलेली आहे; जागा रिकामी दिसली की तो जेवायला यायचा नाही. ही हत्यारं भिंतीवरच्या फळीसकट गावातल्या हायस्कूलच्या वर्कशॉपला द्यावीत. फळी वेगळी काढू नये. हत्यारापेक्षा फळी मोलाची आहे.

इथवरचं कोणीही लिहिलं असतं. खरं मृत्युपत्र यापुढे आहे. माझ्यामागे घर उभं राहील की पडेल याची मला काळजी नाही. काळजी आहे ती व्हिस्कीजॅकची, आणि ती कोणाच्या हाती जाईल याची.

कलम ४. व्हिस्कीजॅक म्हणजे काय, हे रेनोसाठी पुन्हा एकदा लिहिते, कारण त्याला ते सुपूर्द करायचं आहे आणि त्याला अजून ते एखादं पाखरू वाटतं.

पाखरू आहेच. जंगलात चूल मांडली की येणारं राखाडी पाखरू. ताटातला घास उचलायला येतं, हुसकावलं तर उडतं, फांदीवर जरा थांबतं आणि पुन्हा येतं. मी बांधलेल्या वस्तूचं नाव त्याच्यावरून ठेवलं. ती पायथन भाषेतली लायब्ररी आहे: दुसऱ्यांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये घालून वापरावं असं तयार, बांधून दिलेलं पॅकेज. एका ठिकाणचा प्रोग्रॅम इंटरनेटवरून दुसऱ्या सेवेला काही विचारतो. ती सेवा दमलेली असते, पडलेली असते, उत्तर देत नाही. अशा वेळी पुन्हा कधी विचारायचं, किती थांबायचं, कधी गप्प राहायचं, एवढंच काम माझी लायब्ररी करते. तेवढ्यासाठी अनोळखी लोक ती जगभर वापरतात. बँका, बसगाड्यांची वेळापत्रकं, दवाखाने. मला त्यातले फार थोडे ठाऊक आहेत.

हे मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. आर्मस्ट्राँगच्या तळावर मी विमानांशी रेडिओवर बोलायचे. वादळ ओसरलं की सगळे वैमानिक एकदमच बोलायला लागायचे, आणि सगळे एकदम बोलले की कोणाचंच ऐकू यायचं नाही. ते चिडून थांबायचे आणि पुन्हा एकदमच बोलायचे. मग मी त्यांना शिकवलं: उत्तर आलं नाही तर मनात काहीतरी म्हणा, पण प्रत्येकाने वेगळं. एक जण प्रार्थना म्हणायचा, एक आपल्या कुत्र्यांची नावं घ्यायचा, एकाच्या शिव्या मला वायरलेसशिवाय ऐकू यायच्या. कोणाचं आधी संपायचं, कोणाचं नंतर. आवाज सुटे झाले, आणि मला प्रत्येकाचं कळू लागलं.

तळ बंद झाल्यावर मी म्हातारपणी पुस्तकं आणून पायथन शिकले. वैमानिकांसाठी हवामान दाखवणारं एक पान करायचं होतं. हवामान सांगणारी सेवा नेमकी वाईट हवेतच आडवी व्हायची, कारण तेव्हाच सगळे तिला विचारत. मला तळ आठवला. पुन्हा विचारण्याआधी प्रत्येकाने फासा टाकावा, फाशावर पडेल तितकं थांबावं, आणि दर नकाराला आणखी जास्त थांबावं, असं मी लिहिलं. ते दुसऱ्या कोणाला हवं होतं म्हणून पॅकेज करून ठेवलं. मग तिसऱ्याला हवं झालं. लष्कराच्या भाकऱ्या भाजते असं रेनो म्हणतो ते हेच.

कलम ५. सोलांज थिबो.

ही बाई कोण आणि किल्ल्या तिलाच का, हे नीट लिहून ठेवते. म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारीला भूल पडली.

सोलांज हर्स्ट गावची. लाकडाच्या गिरणीत हिशेब बघता बघता स्वतःच प्रोग्रॅम लिहायला लागली. तिची माझी ओळख भांडणाने झाली. लायब्ररीच्या तक्रारींच्या पानावर तिने लिहिलं: "तुमचं पाखरू खोटं बोलतं. पुन्हा विचारते म्हणतं आणि विचारत नाही." माझं पित्त खवळलं. उत्तरात तिला चार शब्द सुनवायचे म्हणून आधी तपासायला बसले, तर बाई बरोबर! दमलेली सेवा कधी "इतक्या सेकंदांनी ये" म्हणते, तर कधी "अमक्या तारखेला, अमक्या वेळी ये" म्हणते. मला पहिलं कळत होतं, दुसरं नाही. आणि तक्रारीच्या तळाशी तिने दुरुस्ती जोडलेली होती, तपासून, चाचण्यांसकट. भांडायला येताना घरून डबा घेऊन आलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून सांभाळलं. पायथनची दर वर्षी नवी आवृत्ती येते. आपलं पॅकेज तिच्यावर चालतं का बघायचं, जुन्या आवृत्त्यांवर अडलेल्या लोकांना सांभाळून न्यायचं, ज्या दुसऱ्या पॅकेजांवर आपण उभे आहोत ती हलली की आपण सावरायचं. लोकांना वाटतं वस्तू एकदा केली की झाली. अहो, बर्फ एकदा उपसला की झालं का?

सोलांजचा हात माझ्यापेक्षा स्वच्छ. मी गाठ मारून मोकळी होते. ती गाठ का पडली ते शोधते. कोणी रागावून लिहिलं तर ती आधी त्याचं काय अडलंय ते विचारते, रागाचं नंतर बघते. एकदा एकाने नुसतं "चालत नाही!!!" असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "याला काय उत्तर देणार?" ती म्हणाली, "तीन उद्गारचिन्हं आहेत सायमीबाई. बिचारा सकाळपासून अडलाय." आणि खरंच सकाळपासून अडलेला निघाला.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे कलम लांबलं.

चाचण्या घेताना फासा दर वेळी वेगळा पडला तर तुलना करता येत नाही. म्हणून चाचणीपुरता फासा बांधून ठेवायचा, की तेच आकडे त्याच क्रमाने पडावेत. ही आमच्या धंद्यातली सरळ रीत. सोलांजने तशी एक ओळ लिहिली. ती चाचण्यांच्या कप्प्यात राहायची, ती सरकून पॅकेजमध्येच गेली. मी तपासलं, मलाही दिसली नाही. आवृत्ती ४.२.० तिने बाहेर सोडली, आणि जगातल्या प्रत्येक व्हिस्कीजॅकच्या हातात एकच बांधलेला फासा आला.

काही दिवस कोणाला कळलं नाही. मग एका सोमवारी सकाळी उत्तरेकडच्या गावांतून रुग्णांना दवाखान्यात नेणाऱ्या गाड्यांची नोंदणी करणारी सेवा जराशी अडखळली. एरवी उठून बसली असती. पण ती उठली की सगळ्यांनी एकाच क्षणी दार ठोठावायचं. पडायची. सगळे एकच आकडा मोजून थांबायचे, आणि पुन्हा एकदम दारात. माझ्या तळावरचे वैमानिक पुन्हा एका सुरात बोलत होते.

सोलांजने ती ओळ शोधली. तिने सबब शोधली नाही, आणि माझंही नाव पुढे केलं नाही. ४.२.० मागे घेतली, दुरुस्त आवृत्ती काढली, आणि बदलांच्या यादीत लिहिलं: "बांधलेला फासा पॅकेजमध्ये राहिला. ही चूक सोलांज थिबो हिची. ४.२.० वापरू नका." मग ही लायब्ररी कोण कोण वापरतं ते शोधून एकेकाला स्वतः कळवत बसली. मी म्हटलं, "अगं, यादीत लिहिलंस, पुरे." ती म्हणाली, "यादी वाचतं कोण? तुम्ही दुसऱ्यांच्या वाचता?"

त्या सकाळी डायलिसिसला निघालेले एक आजोबा थंडीत गाडीची वाट बघत बसले होते. गाडी उशिरा आली, पण आली, आजोबा सुखरूप. सोलांजने त्यांचा पत्ता काढून त्यांना फोन केला. ते तिला म्हणाले, "पोरी, माझी गाडी दर हिवाळ्यात उशिरा येते. माफी मागायला फोन मात्र पहिल्यांदाच आला." ते अजून तिला नाताळचं कार्ड पाठवतात.

दुसऱ्या दिवशी तिने आपली किल्ली परत केली. किल्ली म्हणजे नवी आवृत्ती जगासाठी बाहेर सोडण्याचा अधिकार. म्हणाली, "काम सगळं करीन सायमीबाई. शेवटचं बटण तुम्ही दाबा." तेव्हापासून आजतागायत ती दुरुस्ती करते, चाचण्या चालवते, यादी लिहिते, ताट वाढून पाट मांडून ठेवते, आणि बटणापाशी येऊन उभी राहते. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिणारे पुष्कळ. हिने ताक पिणंच सोडलं.

म्हणून मागे घेतलेली आवृत्ती ४.२.० मी सोलांजच्या नावे करते. एकदा वापरलेला आकडा आमच्याकडे पुन्हा वापरता येत नाही. तो कायमचा खर्ची पडतो. माझ्या सगळ्या आकड्यांत तोच मला जास्त प्रिय आहे, कारण त्याच्यानंतर तिने काय केलं ते मी पाहिलं.

कलम ६. व्हिस्कीजॅकचं नाव, तिचं पान, आणि आवृत्त्या बाहेर सोडण्याच्या सर्व किल्ल्या मी सोलांज थिबो हिला देते. माझ्या टेबलावरचा आर्मस्ट्राँग तळाचा रेडिओचा माइकही तिचाच. किल्ल्या तिने नाकारल्या तर रेनोने त्या स्वतःकडे ठेवू नयेत, आणि पुढच्या कलमात सांगितलेल्या माणसांना तर मुळीच देऊ नयेत. मग कोणाला? हे मला लिहिता आलेलं नाही. ओगिल्वी म्हणतात, इथे दुसरं नाव हवं. माझ्याकडे दुसरं नाव नाही.

कलम ७. जुने हिशेब. दक्षिणेकडच्या एका मोठ्या कंपनीची दोन गोड माणसं फळांची करंडी घेऊन आली होती. त्यांना व्हिस्कीजॅकचं नाव आणि किल्ल्या हव्या होत्या. म्हणाले, "सगळं आहे तसंच मोफत राहील, फक्त..." त्या 'फक्त'च्या पुढचं मी ऐकलं नाही. नासपती चांगल्या होत्या. नंतर ती माणसं रेनोला भेटली. रेनो माझ्याकडे येऊन म्हणाला, "आत्या, लोक तुझ्या जिवावर बंगले बांधतात आणि तू त्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढतेस. देऊन टाक की!"

मी म्हटलं, "पायऱ्यांवरून घसरून पडणारा माणूस बंगलेवाला नसतो रे. टपालवाली असते."

रेनो हसला आणि त्यांना नाही म्हणून कळवलं. म्हणून घर त्याला. कंपनीला मी करंडी परत देते. ती माळ्यावर आहे. दर वर्षी मोठ्या अक्षरांत "मेली का ही लायब्ररी?" असं लिहिणाऱ्या गृहस्थाला मी क्षमा करते. आता त्याने लायब्ररीऐवजी माझ्याबद्दल विचारावं. उत्तर बरोबर येईल.

कलम ८. जो कोणी सांभाळेल त्याला चार सूचना. आवृत्तीचा शेवटचा आकडा ठिगळासाठी, मधला नवा खिसा शिवलात तर, पहिला कोटाचं मापच बदललंत तर. ठिगळ म्हणून कोटाचं माप बदलू नये. जुनी सोय एकदम काढू नये: आधी "ही यापुढे वापरू नका" असं सांगावं, ती चालू ठेवावी, लोकांना निघायला वेळ द्यावा, मगच काढावी. फासा कधीही बांधू नये. आणि शुक्रवारी काही सोडू नये.

कलम ९. हे कलम मी हाताने लिहिते आहे. वरचं टाइप होऊन आलं होतं, सही तेवढी बाकी होती. ओगिल्वींच्या कपाळाला आठ्या पडल्या आहेत, पण प्रत्येक ओळीपाशी ते आद्याक्षरं घालून देत आहेत.

सोलांज आज सकाळी हर्स्टहून गाडी घेऊन आली. नव्या पायथनसाठीची ५.१.० तयार होती, नेहमीप्रमाणे फक्त बटणाची वाट बघत. दोन साक्षीदार हवे होते. एक ओगिल्वी स्वतः. "दुसरी मीच होते," असं म्हणत सोलांज वेलदोड्याच्या पावाचा तुकडा हातात घेऊन पुढे आली.

ओगिल्वी म्हणाले, "तुम्ही नाही चालणार, बाई. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मग चालते की मी," सोलांज म्हणाली. "मला काय मिळणार आहे? पाव? तो तर खाल्ला."

ओगिल्वींनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी कॉफी ओतत राहिले. सोलांजला कळलं.

"नाही," ती म्हणाली. "सायमीबाई, नाही. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं. ऐकून मग लिहिलं."

"पुन्हा तसं झालं तर? तुम्ही नसाल."

"त्या दिवशी मी होते की. काय उपयोग झाला? ओळ तू शोधलीस. फोन तू केलास."

"ओळ घातलीही मीच!"

"मग घालणारीचं आणि शोधणारीचं घर एकच आहे, हे चांगलंच नाही का? पत्ता शोधत हिंडायला नको." ओगिल्वी खोकले. मी म्हटलं, "सोलांज, मी तळावर होते तेव्हा ज्या वैमानिकाचं विमान एकदा उलटलं होतं, त्याच्याच विमानात बसायला आर्व्हो तयार असायचा. मी कारण विचारलं की म्हणायचा, हा उतरण्याआधी पाणी बघतो."

तिने आपला लॅपटॉप उचलला आणि मागच्या दाराने निघून गेली. खिडकीतून दिसलं, सौनेच्या पायरीवर बसली होती, टोपी न घालता.

साक्षीदार एक कमी पडला. तेवढ्यात कोरिन डफी टपाल घेऊन आली. पायऱ्यांवर बर्फ नव्हता. तिला आत बसवलं, कॉफी दिली, शाई शोधली. ओगिल्वी म्हणाले, "सहाव्या कलमात दुसरं नाव घालायचं का आता? त्या नाही म्हणाल्या." मी पेन हातात धरून बसून राहिले.

मग टेबलावरचा माझा संगणक वाजला. तो दोनच गोष्टींना वाजतो: कोणी तक्रार लिहिली तर, आणि नवी आवृत्ती बाहेर पडली तर. मी तर बटणाला हात लावला नव्हता. बघितलं तर व्हिस्कीजॅक ५.१.० बाहेर पडलेली. वसंतात मी तिला किल्लीचं आमंत्रण पुन्हा पाठवून ठेवलं होतं. इतके महिने ते न उघडता पडलं होतं. ते स्वीकारलेलं दिसत होतं. बदलांच्या यादीत शेवटी एक ओळ होती: "सोडणारी: सोलांज थिबो. काही बिघडलं तर मला सांगा."

ती आत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. म्हणाली, "मंगळवार आहे ना? खात्री करून घेतली." आणि उरलेला पाव घेतला.

ओगिल्वी म्हणाले, "आता किल्ली त्यांच्याकडे आहेच. मग सहावं कलम निरर्थक झालं. खोडू?"

मी म्हटलं, "आमच्याकडे असं एकदम काढत नाहीत." आणि त्याच्या समासात लिहायला सांगितलं: कलम ६ ची यापुढे गरज नाही, पण ते चालू आहे.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मला समजलं, आणि मला हवं तसंच आहे.

सही: सायमी कोस्केला

आम्हा दोघांच्या समोर, आम्ही दोघे एकत्र हजर असताना, सायमी कोस्केला यांनी वरील सही केली. त्यांच्यासमोर आम्ही आमच्या सह्या करत आहोत. आम्हाला या मृत्युपत्रात काहीही मिळत नाही. (कॉफी मिळाली. को. ड.)

साक्षीदार: बेसिल ओगिल्वी, वकील
साक्षीदार: कोरिन डफी, टपाल वाटप

स्थळ: थंडर बे, ऑन्टारिओ
दिनांक: नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार